लायकेन स्क्लेरोसस या त्वचारोगावर उपचार करणाऱ्या डॉक्टर मॅडमना आभारपत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे येण्यापूर्वी कित्येक वर्षे योनीमुखाच्या खाजेने माझी रात्रीची झोप उडवली होती. जिथे जिथे गेले तिथे न तपासताच बुरशीची औषधे मिळाली, रक्तातली साखर पाहिली गेली आणि ती ठीक निघाल्यावर ‘पाळी गेल्यावर असे व्हायचेच’ असे सांगून मला घरी पाठवण्यात आले. चांगल्या उजेडात ती जागा नीट पाहणाऱ्या आपण पहिल्याच, आणि माझ्या मते या आजारात निम्मे काम तिथेच होते.

पांढरी पडलेली, चुरगळलेल्या पातळ कागदासारखी त्वचा, खाजवून उठलेले रक्ताचे बारीक ठिपके आणि पुसट होत चाललेले योनीमुखाचे आतले ओठ पाहून आपण लायकेन स्क्लेरोसस असे निदान केलेत. हा संसर्ग नाही, अस्वच्छतेमुळे होत नाही, पतीकडून लागत नाही, शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेवर उलटल्याने तो होत असावा, हे आपण माझ्यासोबत आलेल्या सुनेलाही समजावलेत. त्या एका वाक्याने माझ्या मनावरचे केवढे ओझे उतरले, हे मला तेव्हा बोलून दाखवता आले नाही. जाड झालेल्या एका जागेचा तुकडा आपण तपासणीला पाठवलात आणि त्यात कर्करोग नसल्याचे कळेपर्यंत मला धीर दिलात.

सर्वांत मोठे ऋण आहे ते मलम लावायला शिकवण्याचे. हातात आरसा देऊन, तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढीच रेघ काढून, ती कुठून कुठवर चोळायची हे आपण बोट ठेवून दाखवलेत. ०.०५ टक्के क्लोबेटासोल हे स्टिरॉइड मलम पहिला महिना रोज रात्री, दुसरा महिना एक दिवसाआड, तिसरा महिना आठवड्यातून दोनदा, आणि ३० ग्रॅमची एक ट्यूब तीन महिने पुरावी, असा हिशेब आपण स्वतःच्या हाताने लिहून दिलात. औषधाच्या दुकानात ‘हे तर कडक स्टिरॉइड, नाजूक जागी नको’ असे ऐकल्यावर मी तो कागद उघडून पाहिला आणि मलम बिनघोर लावले. गोरेपणासाठी हेच औषध चेहऱ्याला फासून त्वचेची नासाडी करून घेणारे आपल्याकडे कमी नाहीत, त्यामुळे ती भीती समजण्यासारखी आहे. परंतु त्याच भीतीपायी ज्यांना त्याची खरी गरज आहे त्या स्त्रिया त्याला मुकतात, याचे मला फार वाईट वाटते. साबण आणि जंतुनाशके बंद करून साधे पाणी आणि पेट्रोलियम जेली वापरण्याचा आपला सल्लाही तितकाच गुणकारी ठरला.

आता खाज थांबली आहे आणि मी रात्रभर झोपते. ओठांचा गेलेला आकार परत येणार नाही, हे आपण आधीच स्पष्ट सांगितले होते. शंभरांत पाचांहून कमी स्त्रियांना पुढे तिथे कर्करोग होऊ शकतो आणि नियमित उपचाराने तो धोका घटतो, हेही आपण न लपवता सांगितलेत. म्हणूनच बरे वाटत असूनही मी आठवड्यातून दोनदा मलम लावते आणि न भरणारी जखम किंवा गाठ दिसते का, हे आरशात पाहते.

पुढच्या तपासणीला येताना नणंदेलाही सोबत आणत आहे. तिलाही बरीच वर्षे अशीच खाज आहे आणि आजवर तिला कोणी तपासलेले नाही.

आपली कृतज्ञ,
एक रुग्ण