माउंट प्लेझंटहून परतल्यावर

सीडर रॅपिड्स, आयोवा
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तर मुद्दामच थांबवलं होतं, कारण तू ज्या बंद पडलेल्या आयोवा वेस्लियन कॉलेजबद्दल विचारलंस ते पुन्हा एकदा बघून मगच लिहायचं होतं. काल जाऊन आलो. इथून दक्षिणेला गाडीने दीड तास. मक्याची, सोयाबीनची काढणी चालू आहे. यंत्रांची धूळ रस्त्यावर येते. सुगीत आपण सायकलवरून कॉलेजला जायचो तो रस्ता आठवला.

जूनमध्ये शुभांशु शुक्लांचं उड्डाण झालं, तेव्हा भर दुपारी तू मुलांना पडद्यावर ते दाखवलंस. त्या मोहिमेच्या कमांडर पेगी व्हिटसन या आयोवातल्या शेतकऱ्याच्या मुलगी. कोंबड्या पाळून, विकून विमान चालवण्याच्या परवान्याचे पैसे जमवलेल्या. १९८१ साली त्यांनी जीवशास्त्र आणि रसायनशास्त्रात पदवी घेतली ती माउंट प्लेझंटच्या आयोवा वेस्लियनमधून. नऊ-दहा हजार वस्तीचं गाव, आपल्या तालुक्याच्या गावाहूनही लहान. २०२३ च्या मे महिन्यात बाई अशाच एका मोहिमेवर होत्या. ३० मेच्या रात्री त्यांचं यान समुद्रात उतरलं आणि ३१ मेला त्यांचं कॉलेज कायमचं बंद झालं. हे दोन दिवस एकापाठोपाठ यावेत, याचं मला अजून वाईट वाटतं.

१८१ वर्षांचं कॉलेज होतं ते. १८४२ साली मेथडिस्ट पंथाच्या लोकांनी काढलं, तेव्हा आयोवा राज्यसुद्धा झालं नव्हतं. ते झालं १८४६ मध्ये. माळरान नुकतं नांगराखाली येत होतं, आणि या माणसांना आधी शाळा-कॉलेज हवं होतं. पुढे जेम्स हार्लन तिथले अध्यक्ष झाले, मग सिनेटर. त्यांची मुलगी मेरी अब्राहम लिंकनच्या थोरल्या मुलाला, रॉबर्टला दिली. कॉलेज चालू असताना एकदा मी हार्लन यांचं घर आतून पाहिलं होतं. तिथे एक दार आहे. त्यावर १८८३ साली लिंकनच्या नातवंडांची उंची मोजून खुणा केल्या आहेत. मुलं आजोळी सुट्टीला यायची. आपल्या जुन्या घरात आजी चौकटीवर कोळशाने रेघा ओढायची, अगदी तसंच. त्या दारासमोरून माझा पाय निघेना.

मुलींच्या बाबतीत तर या कॉलेजने कमालच केली. अ‍ॅराबेला मॅन्सफिल्ड १८६६ साली इथून पदवीधर झाली. भावाच्या कचेरीत कायद्याची पुस्तकं वाचली आणि १८६९ मध्ये वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाली. वकील कोणाला होता येईल, यासाठी कायद्यात शब्द होते ‘गोरा पुरुष’. न्यायाधीश फ्रान्सिस स्प्रिंगर यांनी त्यात स्त्रियाही येतात असा अर्थ लावून तिला सनद दिली. अमेरिकेतली ती पहिली स्त्री वकील. त्याच वर्षी जानेवारीत इथल्या सात विद्यार्थिनींनी आपसात एक मंडळ काढलं, पीईओ. मुलींच्या शिक्षणाला पैसे पुरवणारी ती संस्था आजही चालू आहे.

पण तुला मुद्दाम सांगायचेत ते टॉमस पोल्टर. विज्ञानाचे प्राध्यापक. जेम्स व्हॅन अ‍ॅलन याच गावात जन्मला आणि याच कॉलेजात त्यांचा विद्यार्थी झाला. अ‍ॅडमिरल बर्डच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत पोल्टरांची निवड झाली होती. त्यांनी त्या पोराला हाताशी घेतलं आणि मोहिमेवर न्यायची उपकरणं त्याच्याकडून तयार करून घेतली. चुंबकीय क्षेत्र मोजायचं यंत्र घेऊन तो पोरगा आपल्याच जिल्ह्यात मोजमापं घेत हिंडला. त्यालाही मोहिमेवर जायचं होतं, आईवडिलांनी सोडलं नाही. पोल्टर गेले. १९३४ च्या ध्रुवीय हिवाळ्यात बर्ड एकटा एका झोपडीत चुलीच्या विषारी वायूने खंगत पडला होता, तेव्हा दोन साथीदारांसह, तिसऱ्या प्रयत्नात, काळोखातून त्याच्यापर्यंत पोचले ते हेच प्राध्यापक. इकडे व्हॅन अ‍ॅलन १९३५ ला पदवीधर झाला. १९५८ च्या जानेवारीत अमेरिकेचा पहिला उपग्रह वर गेला, त्यात किरणोत्सार मोजणारं उपकरण होतं ते त्याचं. पृथ्वीभोवतीचे किरणोत्साराचे व्हॅन अ‍ॅलन पट्टे आपण पाठ केले ना, ते असे सापडले.

बंद का पडलं, असं तू विचारलंस. शेवटी मुलं नऊशेच्या आतच होती. देणग्या आटल्या, महागाई वाढली. केंद्राच्या शेती खात्याचं सुमारे २ कोटी ६० लाख डॉलरचं कर्ज डोक्यावर होतं. २०१८ मध्येच बंद करायची वेळ आली होती, तेव्हा कसंबसं तगलं. मग करोनासाठी आलेल्या केंद्राच्या निधीतून राज्याकडे १ कोटी २० लाख डॉलर मागितले. गव्हर्नरबाईंनी नाही म्हटलं. एकदाच्या पैशाने मूळ दुखणं जाणार नाही, असं त्यांचं म्हणणं. हिशेबापुरतं ते खरं असेल, कर्जही कॉलेजनेच काढलेलं. पण शेतकऱ्याच्या पोरीला घराजवळ असं कॉलेज मिळणं कुठल्या रकान्यात मांडायचं? २०२३ च्या २८ मार्चला बंद करायची घोषणा झाली, ३१ मेला कुलूप. शिकत्या मुलांना दोन महिन्यांत दुसरं कॉलेज शोधावं लागलं. आसपासच्या कॉलेजांनी त्यांना सामावून घेतलं, एवढं बरं झालं.

काल ओल्ड मेन या १८५५ च्या विटांच्या इमारतीसमोर बराच वेळ बसलो. शनिवारची संध्याकाळ, आणि मैदानात चिटपाखरू नाही. आपल्या कॉलेजात याच वेळी व्हॉलीबॉलचा आवाज असायचा.

तू लिहिलंस की यंदा भौतिकशास्त्राला अकराच मुलं आली आणि विषय बंद करायचं बोलणं सुरू आहे. वाचून मला झोप लागली नाही. त्या अकरांना पोल्टरांची गोष्ट सांग. आणि प्रयोगशाळेत काय कमी पडतंय ते न संकोचता यादी करून पाठव. डिसेंबरात येतोय, एक बॅग त्यासाठीच रिकामी ठेवतो.

वहिनींना नमस्कार, काकूंना साष्टांग दंडवत.

तुझा,
अनिल