सेन्सेई, ती मुलगी लाटांवर खेळत नव्हती

सेन्सेई, थँक यू म्हणायला उशीरच झालाय, पण त्या दिवशी फोनवर मी इतकी ओशाळले होते की नीट बोलताच आलं नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते.

झालं असं की भाषांतराच्या कामात हारुनोबू या अठराव्या शतकातल्या जपानी चित्रकाराचं एक चित्र आलं, बोरूच्या काडीवर उभी राहून एक तरुणी पाणी पार करतेय, आणि मी बिनधास्त कॅप्शन ठोकलं, 'लाटांवर खेळणारी मुलगी'. तुम्ही चिडला नाहीत, फक्त विचारलंत, "काडीवरून नदी कोणी ओलांडली होती गं?" आणि तेव्हा माझी ट्यूब पेटली! दारुमा! म्हणजे आपल्याकडून चीनला गेलेला बोधिधर्म, यांगत्से ओलांडणारा, नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून बसलेला. आणि त्याच्या जागी एदोची, म्हणजे जुन्या टोकियोची, नटलेली पोरगी. वर तो जुना जोकही सांगितलात, की नऊ वर्षांचं कसलं कौतुक, योशिवारा या तिथल्या वेश्यावस्तीतली बाई तर दहा वर्षं गिऱ्हाइकांकडे तोंड करून बसते. हसलो आपण, आणि मग दोघीही जरा गप्प झालो.

एका गोष्टीच्या जागी दुसरीच कल्पून दाखवायच्या या जपानी पद्धतीला, 'मिताते'ला, मी विडंबन लिहिलं होतं तेही तुम्ही खोडलंत. भातुकलीत पाल्याला भाजी म्हणतो ना तसं आहे हे, म्हणालात, त्यात भाजीची टिंगल नसते. (हे वाक्य मी प्रस्तावनेत ढापलंय, सॉरी.)

त्यानंतर 1766 च्या आसपासची ती 'झाशिकी हाक्केई', म्हणजे हारुनोबूची 'बैठकीतली आठ दृश्यं' ही चित्रमालिका, बघायला बसले. चीनमधल्या शाओ-श्यांग नद्यांची आठ दृश्यं, चित्रकार सोंग काळापासून रंगवत आलेली, आणि हारुनोबूने ती उचलून थेट घरात आणली. देवळाच्या संध्याकाळच्या घंटेच्या जागी घड्याळ, शरदातल्या चंद्राच्या जागी आरसा, रात्रीचा पाऊस म्हणजे चहाच्या पाण्याचा खदखद आवाज, आणि परतणारी शिडं म्हणजे काय तर स्टँडवर फडफडणारा पंचा! उतरणारे रानहंस मात्र मला सापडेचनात, अर्धा तास चित्रातल्या खिडकीबाहेर शोधत होते. शेवटी तुमच्या "कोतोच्या घोड्या बघ" या मेसेजने वाचवलं, कोतो या जपानी तंतुवाद्याच्या तारांखाली तिरक्या रांगेत बसलेत की सगळे.

कॅप्शन बदललंय. रविवारी चकल्या घेऊन येते, साधा आल्याचा चहा ठेवा, माचा नको प्लीज.