बेस आणतोस तर चार तारांचाच आण

ता. नागभीड, जि. चंद्रपूर
मृग लागला, पाऊस नाही

प्रिय गड्या,

तुझी बदली ब्रह्मपुरीला झाली हे ऐकून इथं सगळे तुझ्यासाठी हळहळले, मी एकटा खूश झालो. पुण्याच्या माणसाला ब्रह्मपुरीची ओळख एवढीच, की उन्हाळ्यात पारा चढला की टीव्हीवर नाव येतं. पण तिथून माझं गाव मोटारसायकलनं तासाभराच्या आत आहे, तेव्हा आता तुझी सुटका नाही.

फोनवर तू विचारलंस, बेस गिटार पाच तारांचा आणू की चार. मी ‘सांगतो’ म्हणून ठेवून दिला, कारण तेवढ्यात लाईट आली आणि मोटर लावायची होती. धानाचे पऱ्हे (रोपं) टाकायचे खोळंबलेत, आभाळाकडे बघत बसायचं, म्हणून आज सविस्तर लिहितो.

चारच तारांचा आण. तो तुझा जुना पॅसिव्ह, बिनबॅटरीचा. पाच तारांचा, आत प्रीॲम्पवाला (आवाज घडवणारं बॅटरीवरचं सर्किट असलेला), भावाकडेच राहू दे. देखणा आहे, मान्य. पण त्याला नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते, आणि केबल खुपसलेली राहिली की वाजव न वाजव, ती उतरत राहते. जॅक हेच तिचं बटण. रिमोटचे सेल इथं पानठेल्यावरही मिळतात, ही बॅटरी मिळत नाही. मागे सप्ताहाच्या मांडवात नागपूरहून आलेल्या एका बेसवाल्याची बॅटरी ऐन वेळी बसली, तेव्हा त्यानं आमच्या वायरमनच्या मल्टिमीटरमधली काढून घातली. वायरमन पहाटे आला आणि भजन चालू असतानाच ती परत घेऊन गेला!

आणि पाचवी तार वाजवणार कुठं? ती लो बी, सगळ्यांत खालच्या सुराची, म्हणजे ३१ हर्ट्झ. आमच्याकडे मांडवात अजून भोंगे असतात आणि भोंगा खालचं सगळं गिळतो. तुझी ई तारसुद्धा, चौघींतली सगळ्यांत जाड, ४१ हर्ट्झची, त्यातून मूळ रूपात बाहेर येत नाही. तिचे वरचे पटीतले स्वर तेवढे निघतात आणि मूळ स्वर ऐकणाऱ्याचा कान जमेल तसा भरून काढतो. म्हणून भोंगे दिसले की मी सरळ ए आणि डी तारांवर, सातव्या फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) वर सरकतो. तेवढंच लोकांपर्यंत पोचतं.

तारा फ्लॅटवाउंड लाव, चपट्या पट्टीच्या वेढ्यांच्या, गुळगुळीत. तू नाक मुरडशील, ‘टणटण’ जाते म्हणशील. जाऊ दे. राउंडवाउंडच्या, म्हणजे गोल तारेच्या, वेढ्यांत घाम आणि मळ बसतो, पावसाळ्यात तिला गंज धरतो, आणि महिन्या-दोन महिन्यांत ती मेल्यासारखी वाजते. मग पातेल्यात उकळून मळ काढायचा, उन्हात वाळवायच्या, चार दिवस चमकतात, पुन्हा तेच. (उकळायच्या तर राउंडवाउंडच. आणि पातेलं वेगळं ठेव, घरातली शांतता टिकते.) फ्लॅटवाउंड वर्षानुवर्षं चालते. अमेरिकेतल्या मोटाउन रेकॉर्ड कंपनीचा बेसवाला जेम्स जेमर्सन आपल्या प्रिसिजन बेसवर फ्लॅटवाउंडच वाजवायचा, आणि तुटल्याशिवाय तार बदलत नसे अशी त्याची ख्याती. जुनी झालेली, बोथट, पोटातून येणारी ती तार तबल्याच्या डग्ग्याशेजारी जशी बसते तशी नवी कोरी कधीच बसत नाही. फक्त फ्लॅटवाउंडचा ताण बहुधा जास्त असतो, तेव्हा तारा बदलल्यास की नेक (बेसची मान) तपासायचा.

नेकबद्दल जरा नीट ऐक, कारण पुण्यात तुला हे कधी करावं लागलं नसेल. इथं मे महिन्यात हवा इतकी कोरडी होते की फ्रेटबोर्डचं लाकूड आकसतं. फ्रेटचा धातू काही आकसत नाही. त्याची टोकं कडेला डोकावायला लागतात आणि हात खाली ओढलास की करवतीवरून फिरवल्यासारखं होतं. नेक मागे जातो, तारा खाली बसतात, पहिल्या पाच फ्रेटवर झणझण सुरू. मग पाऊस सुरू झाला की उलटं: लाकूड पाणी पितं, नेक पुढे वाकतो, ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, एवढी वर जाते की बोट थकतं. त्यात कूलरची भर. कूलरच्या खोलीत ओलावा, दाराबाहेर भट्टी. बेस या दोन हवांमध्ये रोज ने-आण केलास तर बिचारा करेल काय? माझा बेस कूलर नसलेल्या मधल्या खोलीत, कडक केसमध्ये असतो. मे महिन्यात केसमध्ये भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, घट्ट पिळलेला स्पंज. पावसाळ्यात त्याच जागी बुटांच्या डब्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या. मऊ गिग बॅगेवर भरवसा ठेवू नको. घरात धान असलं की उंदीर असतातच, त्यांना बॅगेचा फोम फार आवडतो. आणि मातीच्या भिंतीला टेकवून तर अजिबात ठेवू नको. वाळवी.

तपासायची रीत अशी. बेस सुरात लावलेला असू दे. ई तार पहिल्या फ्रेटवर दाब, आणि नेक बॉडीला जिथं मिळतो तिथल्या फ्रेटवरही दाब. मधे, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी फट हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) घड्याळाच्या दिशेनं पाव फेरा. तार टेकत असेल तर उलट्या दिशेनं पाव. पाव म्हणजे पावच. मग सूर लाव आणि दुसऱ्या दिवशी बघ, लाकडाला वेळ लागतो. मेच्या शेवटी एकदा आणि आषाढात एकदा, एवढं केलंस की वर्ष निघतं.

फ्रेटबोर्डच्या रोझवूडला तेल लावावंसं वाटेल. आमच्या गावचे सुतारकाका ‘जवसाचं लाव’ म्हणतात, आणि ते बरोबर आहे, जवसाचं तेल लाकडात वाळून घट्ट बसतं. पण थेंबभरच, आणि लगेच कोरडं पुसून. पुसलेली चिंधी मात्र गोळा करून कोपऱ्यात फेकू नको. ते तेल वाळताना तापतं, चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. पसरून वाळव, नाहीतर पाण्यात टाक. खोबरेल नकोच.

आता विजेचं. तू भाड्यानं घर घेशील तिथं आधी अर्थिंग बघ, किचन नंतर. तारांना हात लावला की गुणगुण थांबते ना, ती तारा ब्रिजमधून (तारांच्या खालच्या आधारातून) अर्थला जोडलेल्या असतात म्हणून. पण घराची अर्थच नसेल आणि ॲम्पमध्ये कुठं गळती असेल, तर तोच करंट तुझ्या तारांवर येतो, आणि माईकला ओठ लागला की कळतं. वायरमनला मीटर लावायला सांग: फेज ते अर्थ जवळपास फेज ते न्यूट्रल एवढंच दिसलं पाहिजे. अर्थिंगचा मीठ-कोळशाचा खड्डा उन्हाळ्यात वाळून जातो, त्यात बादलीभर पाणी ओतत जा. मांडवात जनरेटर असला तर मी पहिले माईकच्या जाळीला टेस्टर लावतो, मग बाकी रामराम.

ॲम्प मोठा आणू नको. भजनाला दहा इंची स्पीकरचा छोटा बेस कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) पुरतो, नाटकाला सरळ डीआय बॉक्समधून (बेस मिक्सरला जोडणारी डबी) मिक्सरला.

हो, नाटकाला. झाडीपट्टीचं, आमच्या पूर्व विदर्भातल्या रंगभूमीचं, नाव काढलं की तुझ्या चेहऱ्यावर काय येतं ते मला फोनवरही दिसतं. अरे, परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी! दिवाळी झाली की गडचिरोलीतलं वडसा गजबजतं आणि होळीपर्यंत रात्र-रात्र प्रयोग. तिथं बेस बसवायचा तर आधी कीबोर्डवाल्याशी बोलावं लागतं: ‘भाऊ, डावा हात जरा वर ठेवा.’ तो डाव्या हातानं बेसच वाजवत असतो. दोघं एकाच जागी वाजलो की चिखल होतो.

खरी मजा भजनात आहे. राष्ट्रसंतांची भजनं, खंजेरी, तबला, पेटी. तिथं कुणी तुला ‘जी शार्प’ सांगणार नाही, ‘काळी चार’ म्हणतील, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी. काळी चार तुझ्या ई तारेच्या चौथ्या फ्रेटवर, काळी एक ए तारेच्या चौथ्यावर; अर्ध्याअधिक रात्री या एकाच फ्रेटवर निघतात. आणि मोबाईलच्या ट्युनरवर सूर लावून येऊ नको. पेट्या जुन्या, आपल्याच उंचीवर स्थिरावलेल्या. पेटीवाल्या काकांना पांढरी तीन, सहा, दोन, पाच अशी धरून ठेवायला सांग आणि ई, ए, डी, जी त्यांना मिळव.

मग डग्गा. बेस आणि डग्गा एकाच खालच्या मजल्यावर राहतात, आणि डग्गा तिथला जुना भाडेकरू. केरवा ताल बघ: धा गे ना ती, न क धी न. डग्ग्याची आस (घुमार) पहिल्या दोन मात्रांवर, मग थेट सातव्या मात्रेला. तीन ते सहा डग्गा बंद. समेला मी सा देतो आणि लगेच उचलतो, पाचवीला प. ‘धी’वर काहीच नाही, तिथं तबलजीची मींड (घसरता सूर) असते, तिच्यावर पाय ठेवला की तो वळून बघतो. बस. सुरुवातीला मी पुण्यासारखं भरभरून वाजवायचो, तर एका म्हाताऱ्यानं विचारलं, ‘हे का होय गा? नुसतं गुरगुरते.’ आता विचारत नाहीत. परवा मी गेलो नव्हतो, तर तबलजीचा निरोप आला की डग्गा उघडा पडल्यासारखा वाटतो. असा निरोप मला पुण्यात कधी आला नव्हता.

येताना नागपूरला सीताबर्डीत थांबून ४५ ते १०५ चा फ्लॅटवाउंड सेट दोन घे, एक माझा. आणि तुझ्या ट्रस रॉडची ॲलन की शोधून ठेव. इंचाची आणि मिलिमीटरची हातात सारखीच वाटते, पण चुकीची घातली की नट आतून गोल होतो आणि मग आपण दोघं बघत बसू.

आई विचारत होती, एकटा येतोस की वहिनींना घेऊन. त्याचं उत्तर पत्रानं नको, फोन कर. रात्री नऊनंतर, तेव्हा रेंज असते.

तुझाच,
बेसवाला