दमानिसीचे बिनदाताचे आजोबा

तिबिलिसी, जॉर्जिया

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "मी काय आता, हिच्या जिवावर जगतोय. भाकरीसुद्धा कुसकरून द्यावी लागते." मी पुढे काही बोलायच्या आत "आवाज येत नाही" म्हणून फोन आईकडे गेला. रेंज उत्तम होती, बाबा! त्यावर येतेच. आधी तुमच्या पंगतीत बसू शकेल अशा एकाबद्दल सांगते. फक्त तो वारला अठरा लाख वर्षांपूर्वी.

इथून नैऋत्येला, गाडीने दीड-दोन तासांवर दमानिसी आहे. दोन नद्यांच्या मधल्या कड्यावरचं ओसाड मध्ययुगीन गाव. पुरातत्त्ववाले तिथे जुनी घरं उकरत होते, आणि धान्य साठवायच्या पेवांत १९८३ साली एक दात निघाला. गेंड्याचा! कॉकेशसमधून केव्हाच नाहीसं झालेलं जनावर. गावकऱ्यांनी पेवं इतकी खोल खणली होती की खालचा कितीतरी जुना थर फुटला होता, आणि शेकडो वर्षं कुणाला त्याचा पत्ता नव्हता. पुढे दगडाची हत्यारं मिळाली, १९९१ मध्ये माणसाचा जबडा, आणि नंतर एकापाठोपाठ पाच कवट्या. हे सगळं बसलंय लाव्हाच्या काळ्या थरावर. त्या दगडाचं वय काढता येतं, त्यावरून हाडांचा काळ ठरला. आफ्रिकेबाहेर सापडलेल्या मानवी अवशेषांत हे सर्वांत जुन्यांत मोडतात.

त्यांतली चौथी कवटी २००२ मध्ये निघाली, तिचा जबडा पुढच्या वर्षी. मी मुलांना शरीररचना शिकवते, त्यामुळे जबड्याची प्रतिकृती हातात आली की माझं बोट आपोआप दातांच्या जागी जातं. इथे फिरवायला जागाच नव्हती. एक सुळा सोडला तर एकही दात नाही, खळगेसुद्धा बुजलेले. दात पडला की त्याखालचं हाड शरीर हळूहळू शोषून घेतं, खळगा भरतो, कडा झिजून गुळगुळीत होते. हे फक्त जिवंतपणी होतं आणि त्याला वेळ लागतो. म्हणजे दात गेल्यावरही हे आजोबा काही वर्षं जगले. बाबांच्या डेंटिस्टने एक्स-रेवर बोट ठेवून "हाड खाली गेलंय" म्हणून दाखवलं होतं ना, तसंच अगदी.

आणि जगले कुठे, तर गारठ्याच्या हिवाळ्यात, तरस आणि सुळेवाल्या मोठ्या वाघांच्या शेजारात. मेंदू आपल्या निम्म्याहूनही लहान. मग खाल्लं काय? बहुधा मगज, हाडातला गर, दगडाने ठेचून मऊ केलेलं काहीबाही. इथले संशोधक डेव्हिड लॉर्डकिपानिद्झे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे प्रसिद्ध केलं तेव्हा सोबतच्यांनी त्याला सांभाळलं असेल अशी शक्यता मांडली. त्यावर लगेच आक्षेप आला की रानातले बिनदाताचे चिंपांझीही तग धरतात, मग यात माणुसकी कुठून आली? आक्षेप रास्त आहे. एका जबड्यावरून प्रेमाचा दाखला देता येत नाही, वर्गातही मी तो देत नाही.

इराकी कुर्दिस्तानातल्या शानिदर गुहेतला गडी मात्र मला जास्त पटतो. पुरातत्त्वज्ञ राल्फ सोलेकी यांना १९५७ मध्ये मिळालेला हा निअँडरथल, म्हणजे आपल्या जवळच्या पण आता लुप्त झालेल्या मानवजातीतला. डाव्या डोळ्याजवळचं हाड लहानपणी किंवा तरुणपणी फुटून जुळलेलं, त्या डोळ्याने बहुधा दिसत नसणार. उजवा हात वाळलेला, कोपराखालचा भाग गेलेला. चालणं लंगडं. शिवाय कानाच्या नळ्यांत हाड वाढलेलं, म्हणजे ऐकूही धड येत नव्हतं, असं २०१७ मध्ये एरिक ट्रिंकाउस आणि सेबास्तियां व्हिलोट यांनी दाखवलं. शिकारीवर पोट असलेल्या टोळीत असा माणूस चाळिशी ओलांडतो, हे एकट्याच्या हिमतीवर होत नाही. त्याच गुहेतल्या दुसऱ्या एकाला फुलांवर निजवून पुरल्याची कथा फार गाजली. ती मी मुलांना जपूनच सांगते, कारण ते परागकण उंदरांनी किंवा मधमाश्यांनीही आणलेले असू शकतात.

या सगळ्यात मला खटकतं ते वेगळंच. जबडा सांगतो की दात नव्हते. हाताचं हाड सांगतं की हात गेला होता. पण ज्याने किंवा जिने रोज ठेचून दिलं, लंगड्यासाठी पाऊल आवरतं घेतलं, बहिऱ्याला खूण करून धोका दाखवला, त्या माणसाचा सांगाडा समोर आला तरी आम्हाला ओळखू यायचा नाही. सांभाळणाऱ्याच्या हाडावर तशी काही खूण उमटत नाही. शोधनिबंध निघतात ते आजोबांवर.

म्हणून बाबा, "मी हिच्या जिवावर जगतोय" हे बोलणं बंद करा. त्याने आईचं काम कमी होत नाही, उलट तुमची समजूत काढायचं आणखी एक वाढतं. भाकरी ती कुसकरून देईल, त्याची तिला कुरकुर नाही. पण एकच गोष्ट दिवसभर तीन-तीनदा ओरडून सांगायची, त्याची आहे. मला ती म्हणाली नाही, पण संध्याकाळी तिचा आवाज बसलेला असतो. कानाचं यंत्र टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये डबीसकट पडलंय, मला माहीत आहे. सुरुवातीला पंख्याचा आवाजही कर्कश वाटतो, म्हणून पहिले काही दिवस सकाळचा तासभरच लावा आणि मग वाढवत न्या. शिट्टी वाजली तर नीट बसलेलं नाही असं समजा. ज्यांच्याकडून घेतलं ते फुकट बसवून देतात.

आई, रविवारी मी बाबांच्या फोनवर करेन. उचलायचा त्यांनीच, आणि तू मधे बोलायचं नाहीस.

तुमची,
मनू

ता. क. गोडा मसाला संपत आलाय. पाठवशील तेव्हा दोन पिशव्यांत घाल, मागच्या वेळी सगळ्या स्वेटरांना वास लागला होता.