घरी शिकवणाऱ्या आईची भीती आणि रोजचा मान्ना

संपादक महोदय,
सप्रेम सलाम.

मध्यंतरी आपल्या पेपरात एका वाचकांचं पत्र आलं होतं, की मुलांना शाळेतून काढून घरी शिकवणारे आईबाप पोरांच्या आयुष्याशी खेळतायत. ते पत्र मी दोनदा वाचलं. राग नाही आला, कारण त्यातला एकेक प्रश्न मी स्वतःला रात्री दोन-दोन वाजता विचारलेला आहे, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

आम्ही श्रीरामपूरकडचे, मराठी ख्रिस्ती कुटुंब. दोन मुलं. मोठी मुलगी शाळेत जाते, आवडीने जाते, तिला काढायचा विचारही कधी आला नाही. धाकट्याला मात्र तिसरीत असताना काढला, त्याला आता चौथं वर्ष चालू आहे. त्याचं वाचन अडायचं, जोडाक्षर आलं की गाडी थांबली. शाळेत (नाव घेत नाही, सगळे शिक्षक तसे नव्हते) वाचता आलं नाही की बाकावर उभं करायचे, मग रोज सकाळी पोटात दुखायला लागलं, आणि शेवटी शेवटी तर कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला की उलटी. एके दिवशी त्याच्या दप्तरात मराठीची वही बघितली, एका पानाला खोडून खोडून भोक पडलं होतं आणि भोकाच्या बाजूला 'खिस्त' 'खिस्त' असं चारपाच वेळा लिहिलेलं. 'ख्रिस्त' लिहायचं होतं त्याला. स्वतःच्या प्रभूचं नाव त्याला लिहिता येत नव्हतं आणि ते कुणी बघू नये म्हणून त्याने पान फाटेपर्यंत खोडलं होतं. त्या दिवशी आम्ही दोघांनी ठरवलं.

ठरवणं सोपं होतं हो, निभावणं अवघड. पहिले सहा महिने मला झोप नव्हती. छातीत धडधड व्हायची, फोन उघडला की कुणाच्या तरी स्टेटसला पोराचं ऑलिम्पियाडचं मेडल, आणि मी मनातल्या मनात हिशोब करायची की हा चौदाचा होईल तेव्हा काय, दहावीचं काय, कॉलेजने घेतलंच नाही तर काय, मित्र कुठून आणायचे. पोरगं आठ वर्षांचं आणि मी त्याच्या नोकरीच्या इंटरव्ह्यूची काळजी करत अंधारात बसलेली.

आणि आमच्या समाजात ह्या भीतीला अजून एक पदर आहे, तो बाहेरच्यांना कळणार नाही. आम्हाला माणसात आणलं ते शाळेने. नगर जिल्ह्यात मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, सिंथिया फरारबाईंनी नगरला मुलींची शाळा चालवली, खुद्द सावित्रीबाई फुले त्यांच्याकडे शिक्षिकेचं ट्रेनिंग घ्यायला आल्या होत्या. माझी आजी मिशनच्या बोर्डिंगात शिकली म्हणून माझी आई नर्स झाली. सासऱ्यांचे वडील गावकुसाबाहेरचे, त्यांनी पोराला शाळेत घालण्यासाठी काय काय सोसलं ते आप्पा, म्हणजे माझे सासरे, आजही सांगताना रडतात. मी नातवाला काढणार म्हटल्यावर आप्पा दोन दिवस जेवायला बसले नाहीत. म्हणाले, "ज्या दारात आपल्याला उभं करत नव्हते, ते दार उघडल्यावर तू स्वतः बंद करतेस?" ह्याला मी काय उत्तर देणार होते? आजही माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. म्हणून स्पष्ट सांगते, मी शाळेच्या विरोधात नाही आणि कुणी आपली पोरं काढावीत असं माझं म्हणणंही नाही.

चर्चमध्ये मी बोलले तेव्हा काय झालं तेही सांगायला पाहिजे. बायकांच्या प्रार्थनासभेत मी म्हटलं की मला फार भीती वाटते, तर दोघीतिघी म्हणाल्या, तुझा विश्वास कमी पडतोय, विश्वास असेल तिथे चिंता नसते. घरी येऊन मी अजूनच खचले. म्हणजे पोरगं मागे पडतंय ते पडतंय आणि आता मी देवापुढेही नापास! अशा वेळी कुणाला असं बोलू नका, मनापासून विनंती आहे. लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू यरुशलेममध्ये मागे राहतो आणि मरीया आणि योसेफ त्याला तीन दिवस शोधत फिरतात, आणि सापडल्यावर मरीया सरळ म्हणते की बाळा, आम्ही किती कष्टी होऊन तुला शोधत होतो. प्रभूची आई ती, तिला धडधड झालीच ना? तिला कुणी म्हटलं नाही की तुझा विश्वास कमी आहे. हे मी स्वतः वाचलं तेव्हा कुणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटलं.

खरा फरक पडला तो मान्नामुळे. बायबलात निर्गमच्या सोळाव्या अध्यायात आहे, इस्राएल लोक रानात उपाशी, देव रोज सकाळी मान्ना म्हणजे खायचं अन्न देतो पण अट अशी की माणशी एक ओमर (त्या काळचं एक माप), त्या दिवसापुरता. काहींनी उद्यासाठी राखून ठेवला तर त्यात किडे पडले आणि घाण सुटली. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायचा. लहानपणी संडे स्कूलमध्ये शंभरदा ऐकलेली गोष्ट आहे ही, पण त्या वर्षी मला कळलं की मी तेच करतेय, तिसरीतल्या पोरासाठी दहावीचा मान्ना आजच गोळा करायला बघतेय आणि घरभर त्याचाच वास सुटलाय. येशू म्हणतो ना उद्याची चिंता उद्याला, ते मला आधी नुसतं समजावणीसारखं वाटायचं, आता कामाची पद्धत वाटते.

मग आम्ही एक केलं. रोज सकाळी अभ्यासाला बसायच्या आधी वहीत त्या दिवसाची एकच गोष्ट लिहायची आणि तेवढ्यासाठीच प्रार्थना करायची. दहावीचं नाव काढायचं नाही. पोरगं स्वतःच्या शब्दात प्रार्थना करतं, एकदा म्हणाला, "प्रभू, आज मला क्ष येऊ दे, ज्ञ उद्या बघू." हातच्याची वजाबाकी आम्ही चवळीच्या दाण्यांवर केली, दहा दाण्यांची पुरचुंडी फडक्यात बांधायची, उसने घ्यायचे तेव्हा पुरचुंडी सोडायची. ह्या एका गोष्टीला अकरा दिवस गेले, वहीत अकरा दिवस तेच लिहिलेलं आहे. शाळेत अकरा दिवस कुणी थांबलं नसतं आणि भीतीच्या भरात मीही थांबले नसते, तिसऱ्या दिवशीच ओरडले असते. विश्वासाने मला काय दिलं विचाराल तर हे, थांबायला दिलं.

पण प्रार्थना केली म्हणून बाकीचं टाळलं असं नाही. त्याला सरकारी हॉस्पिटलात दाखवलं, तपासणीत वाचनाची अडचण निघाली, आळस नव्हता तो. त्याच्यासाठी वेगळ्या पद्धतीने शिकवावं लागतं ते एका बाईंकडून मी शिकून घेतलं. कायद्याचं पण बघितलं. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू, त्यात 6 ते 14 वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय आणि घरी शिकवणाऱ्यांसाठी वेगळा कायदा नाही, हे मी लपवत नाही, ही टांगती गोष्ट आहेच. पण परीक्षेचा रस्ता आहे. केंद्र सरकारची एनआयओएस म्हणजे मुक्त विद्यालय, तिथे वयाची 14 पूर्ण झाली की दहावीला बसता येतं, मराठी माध्यमातूनही, आणि परीक्षा वर्षातून दोनदा असते. आपल्या राज्य बोर्डाचा, बाहेरून परीक्षेला बसायचा 17 नंबरचा फॉर्म तर सगळ्यांना माहीतच आहे. मी ज्या दहावीला घाबरून रात्ररात्र जागले तिच्यापर्यंत जायची वाट आधीपासून होती, फक्त भीतीने मला चौकशी करू दिली नव्हती.

आप्पांचं मन कशाने वळलं ते सांगते. पंडिता रमाबाईंबद्दल आमच्या घरात फार आदर, त्यांनी सोप्या मराठीत केलेलं बायबलचं भाषांतर सासूबाईंच्या माहेरी होतं. एकदा पाळकसाहेब घरी आले होते, ते आप्पांना म्हणाले, रमाबाई कुठल्या शाळेत गेल्या होत्या? 1858 सालचा जन्म, वडील अनंतशास्त्रींनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि मग त्या आईनेच लेकीला शिकवलं, तीर्थयात्रेत गावोगाव फिरता फिरता. त्याच मुलीला 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' म्हटलं. आणि पुढे त्याच बाईंनी शाळा काढल्या, केडगावचं मुक्ती मिशन उभं केलं. आप्पा काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी नातवाला हाक मारली, "ये रे, मला मोतीबिंदूने दिसत नाही, पेपर वाचून दाखव."

तेव्हापासून रोज सकाळी साडेसातला आपला पेपर आमच्या ओट्यावर मोठ्याने वाचला जातो, शब्दाखाली बोट ठेवून. 'दुष्काळग्रस्त' ला पहिल्यांदा तीन मिनिटं लागली, आप्पा गप्प बसून राहिले, त्यांनी शब्द सांगितला नाही. 'मंत्रिमंडळ' आता सहज जातं. मागच्या नाताळला त्याने चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचला, दोन ठिकाणी अडला, पण पूर्ण वाचला. 'ख्रिस्त' नीट म्हणाला. आप्पा पहिल्या बाकावर होते.

भीती गेली का? नाही, अजून येते, परीक्षेचे निकाल लागतात तेव्हा तर हमखास येते. फक्त आता ती आली की वही उघडते आणि आजचं काय ते लिहिते. आमच्याकडे शनिवारी दुपारी तीन आया पोरं घेऊन येतात, एकीचं पोर शाळेतच आहे पण शाळेने आशा सोडलेलं, एक मुसलमान ताई आहे, तिची प्रार्थना वेगळी पण काळजी तीच. पोरं अंगणात खेळतात, आम्ही चहा घेत एकमेकींचं ऐकतो.

त्यांच्या वतीने आपल्याला एक विनंती. आपल्या शिक्षणाच्या पानावर बोर्डाच्या तारखा येतात तशा मुक्त विद्यालयाच्या प्रवेशाच्या आणि 17 नंबरच्या तारखाही छापाल का, मोठ्या अक्षरात? आमच्यातल्या दोघींकडे नेट नाही, पेपर मात्र येतो.

आपली नियमित वाचक,
एक आई, श्रीरामपूर तालुका