फी माफ झाली, पण खोलीभाड्याचं काय? : विद्यार्थी साहाय्य निधीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार, वि. वि.

बारावीचे निकाल लागले, सीईटीचेही लागले. आता कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) राउंडच्या याद्या लागायला लागल्या की वाचनालयामागच्या आपल्या खोलीबाहेर संध्याकाळी चपलांचा ढीग पडेल. दरवर्षी हे पत्र मे महिन्यात निघतं. यंदा अध्यक्षांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आणि हिशेबतपासणी एकदमच आल्यामुळे उशीर झाला, तेव्हा मुद्द्याचं आधी लिहितो. निधीत यंदा फारच थोडी शिल्लक आहे. गेल्या वर्षी जेवढ्या मुलांना बिनव्याजी उचल दिली, त्याच्या निम्म्या मुलांनाही देता येईल की नाही याची शंका आहे. प्रवेशाची पहिली यादी लागण्याआधी भर पडली नाही, तर दारात आलेल्या पोराला ‘पुढच्या वर्षी ये’ म्हणावं लागेल. पण प्रवेश काही पुढच्या वर्षापर्यंत थांबत नाही.

नव्या सभासदांसाठी थोडं मागचं सांगतो, जुन्यांनी सोसून घ्यावं. आपल्या समितीची सुरुवात वार लावण्यातून झाली. गावाकडून शिकायला आलेला मुलगा सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी जेवायचा. कुणाचा वार कुणाकडे, याची वही तेव्हाचे मुख्याध्यापक ठेवत. ती वही आजही कपाटात आहे. तिच्यात एका घरापुढे ‘गुरुवार – उपास, तरी मुलास भाकरी’ अशी नोंद आहे. पुढे मुलं शहरातल्या कॉलेजांत जाऊ लागली, वार थांबले आणि त्याच घरांनी धान्याऐवजी पैसे द्यायला सुरुवात केली. मुख्याध्यापकांनी आपल्या निवृत्तीच्या सत्काराची थैली जशीच्या तशी निधीत टाकली, घरी नेलीसुद्धा नाही. सत्काराची शाल मात्र नेली. त्यावरून बाईंनी त्यांना बरंच ऐकवलं होतं, असं जुनी माणसं सांगतात.

मग पोस्टमनकाका आले. मनीऑर्डरी वाटताना कुणाच्या घरी मुलाचे पैसे आले आणि कुणाच्या घरचे थांबले, हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळायचं. खोलीत येऊन ते नुसतं नाव सांगत आणि चौकशी करायला लावत. त्यांच्या पश्चात मुलीने दरवर्षी त्यांच्या तिथीला देणगी पाठवायचं आजवर चुकवलेलं नाही. भजनी मंडळाच्या भगिनींनी शनिवारी घरोघरची रद्दी गोळा करून विकली आणि त्यातून कंपासपेट्या, ड्रॉइंग बोर्ड, लॅबचे कोट घेतले. एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर तर अजूनही महिन्याच्या सात तारखेला खोलीत येतात, सुटे पैसे मोजून देतात आणि पावती पाहिल्याशिवाय हलत नाहीत. आयटीआय करून कारखान्यात लागलेल्या एका मुलाने घेतलेली उचल दरमहा पाचशे रुपयांनी फेडली आणि फिटल्यावरही पाचशे पाठवायचं थांबवलं नाही. मी फोन करून सांगितलं, अरे, तुझं पूर्ण झालं. तो म्हणाला, “माझं झालं, पुढच्याचं चालू आहे ना?” त्याचा पगार किती हे मला माहीत आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता ज्या प्रश्नाने गेली दोन वर्षं आमचं तोंड बंद केलं आहे, त्याकडे येतो. वर्गणीला गेलं की ऐकायला मिळतं, “आता सरकारच सगळी फी माफ करतं, तुमच्या समितीची गरज काय?” ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आला तेव्हा सगळ्यात आधी पेढे आपल्याच खोलीत वाटले होते, हे विसरू नये. तो निर्णय चांगलाच आहे. पण तो नीट वाचा. वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, व्यावसायिक अभ्यासक्रमाला, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. याच प्रवर्गांतल्या मुलांना शिक्षण शुल्कात सवलत निम्मीच. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर काहीच नाही. आणि खोलीभाडं, मेस, अनामत, प्रवासाचा पास, लॅपटॉप, ड्रॉइंगचं सामान यांपैकी कशाचाही त्यात समावेश नाही. तालुक्यातून पुण्याला गेलेल्या मुलीची ट्यूशन फी माफ झाली म्हणून घरमालक डिपॉझिट सोडत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. शिष्यवृत्तीचे पैसे येतात, नाही असं नाही, पण वर्ष सरता सरता, कधी सरल्यावर. कॉलेजला पैसे पहिल्या आठवड्यात हवे असतात. “आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत घ्या,” असं काउंटरवरून सांगितलं जातं. ज्याच्याकडे आधी भरायला आहे त्याला हे ठीक आहे. ज्याच्याकडे नाही तो सावकाराकडे जातो, आईचं मंगळसूत्र गहाण पडतं किंवा मुलगा गावातच ‘एक वर्ष गॅप घेतो’ म्हणतो आणि पुन्हा कधी जात नाही. आपला निधी एवढ्या मधल्या काळापुरता आहे. बिनव्याजी उचल द्यायची, शिष्यवृत्ती आली की किंवा नोकरी लागली की परत घ्यायची. स्टँप पेपर नाही, जामीनदार नाही, रजिस्टरात सही आणि पालकांच्या समोर दोन शब्द. ज्यांना घरी परत करण्यासारखं काहीच नाही त्यांना मेसची मदत वेगळी, तिची परतफेड मागत नाही.

मदत मधेच संपली की काय होतं, याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव महाराजांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या, तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीवर. मुदत संपली आणि १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परत यावं लागलं. १९२० मध्ये ते पुन्हा गेले, तेव्हा स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज अशी तीन ठिकाणची जमवाजमव होती. एवढ्या बुद्धीच्या माणसाची मधली वर्षं पैशापायी गेली. आपली मुलं साधी आहेत, त्यांच्यासाठी कोण थांबणार?

पैसे मागतो तसा पैसे वाचवण्याचाही उद्योग समिती करते, आणि तो फारसा कुणाला दिसत नाही. जून-जुलैत संध्याकाळी खोलीत अर्जांचं टेबल लागतं. निवृत्त तलाठी आणि बँकेतल्या आपल्या ताई तिथे बसतात. गेल्या वर्षी एक आई प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे दाखले घेऊन आली. मुलीचा महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज मंजूर, रक्कम ‘वितरित’ दाखवतेय, पासबुकात मात्र एक रुपया नाही. कॉलेज म्हणे बँकेत जा, बँक म्हणे कॉलेजला विचारा. ताईंनी आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते तपासलं, तर मुलगी आठवीत असताना दुसऱ्याच बँकेत उघडलेलं एक खातं निघालं. सगळे पैसे तिथे शांतपणे पडून होते. मायलेकी त्या बँकेत गेल्या आणि परत येताना टेबलावर एक नारळ ठेवून गेल्या. पालकांनी एवढं कराच. अर्ज भरण्याआधी आधार नेमकं कोणत्या खात्याला जोडलंय ते बघा, आणि ते खातं चालू आहे ना ते बघा.

अशा गोष्टी पुष्कळ आहेत. शैक्षणिक कामाच्या दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, तरी लोक पाचशेचा स्टँप घेऊन येतात, कारण बाहेर बसलेला माणूस तसंच सांगतो. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर बघता येते. त्याहून जास्त कुणी मागत असेल तर पावती मागा. देणगी म्हणून मागत असेल तर कॅपिटेशन फीवर राज्यात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे, हे शांतपणे सांगा. कॉलेजने मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायची नसतात. शासकीय वसतिगृहाचा अर्ज वेळेत करा. तिथे जागा नाही मिळाली तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार, अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना स्वयंम्, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. योजनांची कमी नाही. त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर दाखल्यांची इतकी वळणं लागतात की घरात कुणी शिकलेलं नसेल तर माणूस दुसऱ्याच वळणावर परत फिरतो.

कर्जाबद्दलही लोक घाबरून विचारतात. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकांच्या आदर्श योजनेत तारण लागत नाही, स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही. निवडक संस्थांत प्रवेश मिळाला असेल तर नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना बघा. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती न घेणाऱ्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असताना व्याजात तीन टक्के सूट आहे. माझं वैयक्तिक मत विचाराल तर पहिल्या वर्षाला कर्ज उचलू नये. आधी वसतिगृह, मग शिष्यवृत्ती, मग कॉलेजातलं ‘कमवा व शिका’, आणि तरीही कमी पडलं तर कर्ज. ‘कमवा व शिका’ला काही मुलं लाजतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याचं कॉलेज १९४७ मध्ये उभं केलं ते याच तत्त्वावर. कॉलेजच्या बागेला पाणी घालण्यात लाजण्यासारखं काय आहे?

थोडं कडू लिहितो. गणपतीची वर्गणी एका रविवारात जमते, मंडपाचा रंगसुद्धा दरवर्षी बदलतो. आम्ही कुणाला नावं ठेवत नाही, आम्हीही आरतीला असतो. पण मागच्या वार्षिक सभेला मांडलेल्या खुर्च्यांपैकी बहुतेक रिकाम्याच गाडीत परत चढवल्या. आणि जे आपल्याच निधीतून शिकले, आज मोठ्या कंपन्यांत आहेत, परदेशात आहेत, ते ग्रुपवर अंगठा दाखवतात. अंगठ्याने मेसचं बिल भरत नाही. काहींच्या उचली अजून परत आलेल्या नाहीत. नावं लिहिणार नाही, रजिस्टर मात्र आहे. घरावर हप्ते असतील, अडचणी असतील, मान्य. एकदम नको, थोडं थोडं पाठवा. तुमची उचल परत आली की तीच दुसऱ्याच्या हातात जाते, त्यासाठी नव्या देणगीची वाटही बघावी लागत नाही.

काय द्यायचं ते तुम्ही ठरवा. कुणी एका मुलाची वर्षभराची मेस उचलतं, कुणी अनामत, कुणी आई-वडिलांच्या नावे कायम ठेव ठेवतं आणि व्याज निधीला जातं. शंभर रुपयेही पावतीवर येतात. पैसे नसतील तर संध्याकाळी दोन तास अर्जांच्या टेबलावर बसा, विशेषतः ज्यांना पोर्टलवरची कामं जमतात त्यांनी. पुण्या-मुंबईत ज्यांच्या ओळखीची वसतिगृहं किंवा खोल्या आहेत त्यांनी कळवलं तरी मोठं काम होईल.

बँक खातं व यूपीआय कोड पावतीपुस्तकाच्या मागच्या पानावर आणि खोलीच्या दारावर. ऑनलाइन भरल्यास नाव व ‘देणगी’ की ‘परतफेड’ हे लिहावं, नाहीतर हिशेब लागत नाही. धनादेश समितीच्या नावे, व्यक्तीच्या नावे नको. आयकर सवलत जुन्या करप्रणालीतच, देणगी रोख असेल तर ती दोन हजारांपर्यंतचीच धरली जाते, पॅन द्यावा. खोली रोज संध्याकाळी ६ ते ८, रविवारी सकाळी. विद्यार्थ्यांनी येताना गुणपत्रिका, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा व वैधता दाखला (लागू असल्यास), अधिवास, आधार, पासबुक आणि कॅपचं पत्र आणावं, झेरॉक्स दोन-दोन. मुलाखतीला पालकांपैकी एकाने यावंच. निर्णय समितीचा, सचिवाच्या घरी फोन करून तो बदलत नाही.

आपला नम्र,
सचिव, विद्यार्थी साहाय्य समिती
(अध्यक्ष व कार्यकारिणीच्या वतीने)

ता. क. : पुस्तकपेढीसाठी सीईटी, नीट आणि पहिल्या वर्षाची पुस्तकं चालतील, पण गेल्या दोन-तीन वर्षांतलीच आणि उत्तरं पेनाने लिहून न भरलेली. दहावीची गाइडं कृपया आणू नयेत, कपाटात जागा नाही. ड्रॉइंग बोर्ड आणि टी-स्क्वेअर नेलेल्या माजी विद्यार्थ्यांनी ते परत करावेत, यंदा पहिल्या वर्षाला जाणारी मुलं विचारून गेली आहेत.