ख्रिस्ती श्रद्धेकडे व्यवहार म्हणून पाहू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

धर्मांतरबंदी कायद्याच्या चर्चेच्या निमित्ताने आपल्या सदरात अलीकडे बरीच पत्रे प्रसिद्ध झाली. त्यांतल्या बहुतेकांनी, कायद्याच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी आणि विरोधात लिहिणाऱ्यांनीही, एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते: माणूस ख्रिस्ती होतो किंवा ख्रिस्ती राहतो, तो काहीतरी पदरात पडते म्हणून. कोणी म्हणतो धान्य मिळाले, कोणी म्हणतो शाळा आणि दवाखाना मिळाला, तर एखादा सहानुभूतीने लिहितो की बिचाऱ्यांना थोडी प्रतिष्ठा मिळाली. कायद्याविषयी लिहायला माझ्यापेक्षा अधिकारी माणसे आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका जुन्या मराठी ख्रिस्ती घरातली बाई म्हणून मला लिहायचे आहे ते या गृहीतकाविषयी.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणे केले आणि पुढे शाळा, वसतिगृहे, दवाखाने काढले. माझे आजोबा त्या शाळांमुळेच लिहायला-वाचायला शिकले आणि हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण मिळकतीचा हिशेब मांडायचाच असेल, तर वहीचे दुसरे पानही उघडावे लागेल. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. तो १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना लागू झाला, ख्रिस्ती मात्र आजही त्याबाहेर आहेत. माझ्या पणजोबांच्या ज्या भाऊबंदांनी बाप्तिस्मा घेतला नाही, त्यांच्या नातवंडांना शिष्यवृत्ती आणि राखीव जागा मिळाल्या, आम्हाला मिळाल्या नाहीत. एकाच वस्तीतली, एकाच आडनावाची ही दोन घरे आहेत. काहींनी कागदावर एक आणि घरात एक असे जगणे पत्करले, त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. परंतु लाभ हेच कारण असते, तर १९५० नंतर आमच्या जिल्ह्यातल्या चर्चच्या मंडळ्या ओस पडायला हव्या होत्या, आणि तसे झालेले नाही.

हे गृहीतक केवळ बाहेरच्यांचे असते, तर एवढे लांब पत्र लिहिले नसते. आमच्यातलेच काही लोक त्याला खतपाणी घालतात. माझ्या धाकट्या भावाच्या किडन्या निकामी झाल्या आणि त्याचे डायलिसिस सुरू झाले, तेव्हा प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या एका चंगाई सभेचे आयोजक घरी आले. प्रार्थना झाली, तेल लावून झाले, आणि नंतरच्या एका भेटीत त्यांनी सांगितले की याचा विश्वास कमी पडतो आहे, म्हणून गुण येत नाही. पलंगावर भिंतीला टेकून बसलेला, हाताला नुकतीच सुई काढून पट्टी बांधलेला माणूस हे मुकाट्याने ऐकून घेत होता. त्या दिवशी मला प्रथम जाणवले की आमिषाचा आरोप करणारे आणि चमत्काराची हमी देणारे एकमेकांचे कितीही वैरी असले, तरी दोघांचे गणित एकच आहे. दोघांच्याही लेखी विश्वास ही मोजायची किंमत आहे आणि नोकरी, मूल, प्रकृती हा तिच्या बदल्यात हाती यायचा माल. माल हाती आला नाही, की एक म्हणतो फसवले आणि दुसरा म्हणतो किंमत कमी भरली.

ज्या शास्त्राच्या आधाराने हे बोलले जाते, ते शास्त्र मात्र असे काही सांगत नाही. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात नेमका हाच हिशेब करणारे मित्र आहेत. तुझ्यावर आपत्ती आली म्हणजे तुझेच काहीतरी चुकले असणार, असे ते त्याला परोपरीने पटवतात आणि शेवटी देवाचा रोष त्यांच्यावरच होतो. आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ असणारे तेविसावे स्तोत्र मृत्यूच्या छायेची दरी टळेल असे म्हणत नाही, त्या दरीतून जाताना सोबत आहे एवढेच म्हणते. कोणतीही गोष्ट आपल्याला देवाच्या प्रेमापासून विभक्त करू शकणार नाही, असे रोमकरांस पत्रात लिहिणारा प्रेषित पौल फटके, तुरुंग आणि जहाज फुटणे या सर्वांतून गेलेला माणूस होता. संकट टळण्याला तो सुरक्षितता म्हणत नव्हता, हे उघड आहे. मग ती कशात आहे, हे पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही, कारण महाराष्ट्रानेच याचे सर्वांत मोठे उदाहरण जगाला दिले आहे.

पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आई-वडील आणि थोरली बहीण भुकेने जाताना पाहिली, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले आणि तान्ही मनोरमा पदरात राहिली. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्याकडचे बहुतेक लेख इथेच थांबतात आणि कोणी त्यांना गौरवतो, कोणी दूषणे देतो. स्वतः रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत जे सांगितले, ते अधिक विचार करण्यासारखे आहे: बाप्तिस्म्याने आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला होता, ख्रिस्त लाभला नव्हता, आणि तो लाभण्यास आणखी आठएक वर्षे जावी लागली. म्हणजे नाव बदलले, समाज बदलला, विद्वान म्हणून कीर्ती झाली, अमेरिकेतून मदत उभी राहिली, १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले, आणि इतके सारे हाती आल्यावरही मनाची तळमळ शमलेली नव्हती, असे त्या स्वतः सांगतात. 'मिळाले म्हणून धर्म बदलला' म्हणणाऱ्यांनी या कबुलीचे काय करायचे ते ठरवावे.

दरम्यान दोन्हीकडचे लोक रमाबाई कोण, हे त्यांना सांगत होते. इंग्लंडमधल्या धर्मभगिनींना आणि बिशपांना त्यांचा स्वतंत्र बाणा रुचत नव्हता, आणि आपली विवेकबुद्धी कोणत्याही धर्माधिकाऱ्याच्या स्वाधीन करणार नाही, हे त्यांनी त्या मंडळींना स्पष्ट कळवले होते. इकडे १८९३ मध्ये, तोवर पुण्याला हललेल्या सदनातल्या मुलींच्या धर्मांतराच्या शंकेने पुण्यात गहजब झाला, रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. तिकडे पुरेशा ख्रिस्ती नाहीत आणि इकडे बाटलेल्या, असे दोन्ही शिक्के कपाळी असताना ही बाई १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली गोळा करून केडगावला आणत होती. आपण कोण आहोत, याचे उत्तर लोकांच्या मान्यतेवर अवलंबून राहिलेले नसले, म्हणजे माणसाच्या अंगी असे काम करण्याचे बळ येते असे मला वाटते. १९२१ मध्ये, जिच्यावर संस्थेची भिस्त होती, ती मनोरमाही गेली. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याचे रमाबाईंचे काम त्यानंतरही चालू राहिले; एप्रिल १९२२ मध्ये त्या वारल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये, केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या स्त्रियांच्या हातून छापून, बाहेर पडला.

ओळखीच्या प्रश्नाची आमच्यासारख्यांना रोजची सवय आहे. 'साळवे म्हणता आणि चर्चला जाता?' हे बँकेत, बसमध्ये, मुलीचे स्थळ पाहताना ऐकावे लागते. माझ्या आईच्या मंगळसूत्रात क्रूस होता, नाताळच्या फराळात करंज्या आणि शंकरपाळे असत, आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने आम्ही पेटी-ढोलकीवर म्हणत आलो. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाई कित्येक वर्षे सोवळे सांभाळत वेगळ्या राहिल्या आणि त्यांनी जे स्वीकारले ते पतीच्या आग्रहाने नव्हे, स्वतःच्या विचाराने स्वीकारले. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक उघडपणे सांगत. आमची ओळख अशी घडलेली आहे आणि ती मराठीपणाच्या आड येत नाही. प्रमाणपत्राच्या कोणत्याही रकान्यात ती पुरती मावत नाही, ही गैरसोय आता अंगवळणी पडली आहे.

माझा भाऊ बरा झाला नाही. आमचे पाळक त्याच्याकडे येत तेव्हा त्यांनी बरे होण्याचे वचन कधी दिले नाही. ते स्तोत्र वाचत, प्रार्थना करत आणि चहा होईपर्यंत क्रिकेटवर बोलत. डायलिसिसच्या दिवशी मंडळीतल्या बहिणी पाळीपाळीने डबा पोचवत, त्यात आमची मराठा शेजारीणही असे. चंगाईवाल्यांनी पुन्हा बोलावले, तेव्हा भावाने त्यांना सांगितले की मी देवाचा आहे एवढे मला पुरे आहे, किडनी दिली तरी आणि न दिली तरी. मग बुधवारच्या घरगुती प्रार्थनेत, भाता दुसऱ्या कोणाला ओढायला लावून, तो जमेल तितके दिवस पेटी वाजवत राहिला.

आपल्या पत्रलेखकांना एक विनंती आहे. पुण्याहून दौंडला जाताना वाटेत केडगाव स्टेशन लागते, आणि रमाबाईंचे मुक्ती मिशन तेथे आजही स्त्रियांचा आणि मुलांचा सांभाळ करते आहे. आमिषाविषयी पुढचे पत्र लिहिण्याआधी त्यांनी तेथे एक दिवस घालवावा. आणि चंगाईची हमी देणाऱ्या आमच्या बांधवांनीही त्यांच्याबरोबर जायला हरकत नाही.

आपली,
एक वाचक, अहिल्यानगर